मुंबईलगतच्या ओल्या पट्ट्यात कोंबड्यांची शेड: उघडी, बंद की पिंजऱ्याची?

मुलुंडला राहून नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. मुरबाडच्या पुढे त्यांची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे, धाकटा भाऊ गावीच असतो, आणि ५,००० ब्रॉयलर (मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या) पक्ष्यांपासून व्यवसाय सुरू करण्याचा विचार आहे. नाशिक जिल्ह्यात त्यांनी मोठे पंखे आणि कूलिंग पॅड (पाण्याने भिजवलेल्या, हवा आत येताना गार करणाऱ्या जाड जाळ्या) बसवलेली बंद शेड पाहिली. ती त्यांच्या मनात भरली आणि एका फॅब्रिकेटरने तशीच शेड उभारून देण्याचे मान्यही केले. गावातले जुने शेडवाले मात्र उघडी, म्हणजे बाजूंना जाळी आणि पडदे असलेली शेड आणि जमिनीवर अंथरलेली भाताच्या तुसाची गादी यापलीकडे जाऊ नका असे सांगतात, तर एका नातेवाइकांनी अंड्यांच्या कोंबड्यांचे पिंजरे सुचवले आहेत. यांतले काय निवडावे, असे त्यांनी विचारले आहे.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून २८ वर्षे मी ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतल्या शेडवर जात आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो: आपल्या परिस्थितीत पहिली शेड उघडी आणि गादीचीच असावी, परंतु तिचा सांगाडा असा बांधावा की तीन-चार वर्षांनी ती बंद करता येईल. अंड्यांच्या पिंजऱ्यांचा विचार तूर्त सोडून द्यावा. यामागची कारणे सविस्तर देतो, कारण कारणे नीट समजली नाहीत तर उघडी शेडसुद्धा चुकीची बांधली जाते, आणि आमच्या भागात अशा शेडची संख्या दुर्दैवाने बरीच आहे.

नाशिकला जे पाहिले ते मुरबाडला तसेच का चालत नाही, हे आधी पाहू. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते, आणि उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते. तेव्हा मुख्यतः श्वासावाटे बाहेर जाणाऱ्या वाफेमुळेच तिला गारवा मिळतो. कूलिंग पॅडचे कामही पाण्याच्या वाफेवरच चालते. हवा कोरडी असेल तर दोन्ही उपाय उत्तम लागू पडतात, हवा आधीच ओली असेल तर दोन्ही एकाच वेळी लंगडे पडतात. एप्रिलमध्ये नाशिककडे दुपारी ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर पॅडमधून येणारी हवा १२ ते १३ अंशांनी थंड होऊ शकते. मेअखेरीस आपल्याकडे ३५ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा तेच पॅड जेमतेम ४ अंश उतरवते आणि शेडमधली हवा आणखी ओली करते. मुरबाड समुद्रापासून आत असल्यामुळे मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तिथे पॅडचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. परंतु मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंतचे दिवस आमच्याकडे पक्ष्यांना सर्वांत कठीण जातात. उष्णता आणि दमटपणा दोन्ही एकत्र येतात आणि उष्माघाताने होणारी बहुतेक मर मी याच दिवसांत पाहिली आहे.

या पट्ट्यात पक्ष्याला खरा आधार वाऱ्याच्या वेगाचा असतो. बंद शेडमध्ये एका टोकाच्या पंख्यांनी हवा ओढून मिनिटाला ५०० फूट वेग साधला, तर पिसे आलेल्या पक्ष्याला जाणवणारे तापमान ५ ते ६ अंशांनी कमी होते. फॅब्रिकेटरचा आराखडा हातात आला की हा हिशेब स्वतः करून पाहावा. शेड ३० फूट रुंद आणि आतली सरासरी उंची ९ फूट धरली, तर छेद २७० चौरस फूट होतो. त्याला ५०० ने गुणले की मिनिटाला १,३५,००० घनफूट हवा ओढावी लागेल असे निघते. मोठा पंखा प्रत्यक्षात मिनिटाला २०,००० घनफुटांच्या आसपास हवा ओढतो, म्हणजे सात पंखे हवेत आणि एक जादा. आपल्याला देऊ केलेल्या आराखड्यात चारच पंखे आणि पॅडची लांबच लांब भिंत असेल, तर ती रचना कोरड्या हवेसाठी केलेली आहे असे खुशाल समजावे. पॅडचा भपका डोळ्यांत भरतो, मात्र आपल्याकडे पैसा पंख्यांत घालावा लागतो.

आता विजेकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या निर्णयाचा कणा तिथे आहे. विक्रीला आलेला दोन किलोचा पक्षी १० वॅटपेक्षा अधिक उष्णता सतत बाहेर टाकत असतो. ५,००० पक्षी म्हणजे ५० किलोवॅटहून मोठी शेगडी बंद खोलीत पेटलेली असते. पंखे थांबले आणि पडदे बंद राहिले, तर मेच्या संध्याकाळी अर्ध्या तासात पक्षी गुदमरू लागतात. काही वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यातल्या एका बंद शेडवर मला रात्री बोलावले गेले. वीज गेली होती, जनरेटरमध्ये डिझेल भरलेले होते, पण त्याची बॅटरी उतरलेली होती आणि वीज गेल्याची सूचना देणारा भोंगा कोणीतरी आवाजाला कंटाळून काढून ठेवला होता. मालक ठाण्याला राहत होते. मी पोहोचलो तेव्हा भिंतीकडेचे आणि पडदा फाटलेल्या जागेचे पक्षी तेवढे जिवंत होते, बाकीचे एकमेकांवर पडलेले होते. त्या शेडची उभारणी उत्तम होती आणि पंख्यांची संख्याही हिशेबात बसणारी होती. ती सांभाळायला रात्री माणूस मात्र जागा नव्हता.

म्हणून माझा आपल्याला पहिला प्रश्न हाच राहील की रात्री दोन वाजता वीज गेली तर शेडवर कोण असेल. आपले बंधू शेडलगत राहणार आहेत का, त्यांना जनरेटर हाताने सुरू करता येतो का, आणि ते लग्नकार्याला बाहेरगावी गेले तर त्यांच्या जागी कोण, याची खात्रीलायक उत्तरे मिळेपर्यंत बंद शेड घेऊ नये. घ्याल त्या दिवशी आपोआप सुरू होणारा जनरेटर, दर आठवड्याला त्याची भारासहित चाचणी, वीज जाताच आपोआप खाली पडणारे पडदे आणि मोबाइलवर येणारी सूचना, ही चारही साधने शेडच्या किमतीतच धरावीत. यांपैकी एकही वगळून काढलेला खर्चाचा अंदाज फसवा असतो. शिवाय हा सगळा यंत्रांचा खर्च ५,००० पक्ष्यांवर वाटला तर पक्ष्यामागे फार जड जातो; माझ्या पाहण्यात ज्या बंद शेड निर्धास्तपणे हप्ते फेडत आहेत त्या १५,००० पक्ष्यांच्या पुढच्या आहेत. तिथे कमी जागेत जास्त पक्षी, एकसारखी वाढ आणि मजुरीतली बचत यांचा फायदा खरोखर दिसतो.

उघडी शेड स्वस्त असते म्हणून ती सोपी असते असे मात्र नाही. आमच्या भागात ती चार महिने पावसाशी झुंजते, आणि तिचा प्रत्येक भाग त्या चार महिन्यांच्या दृष्टीनेच ठरवावा लागतो. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यात ऊन आत शिरत नाही. रुंदी ३० फुटांपेक्षा जास्त करू नये, कारण त्यापुढे वारा आडवा पार होत नाही. ५,००० पक्ष्यांना प्रत्येकी १.२ चौरस फूट धरले तर ६,००० चौरस फूट, म्हणजे ३० बाय २०० फुटांची शेड पुरते. पुस्तकात एक चौरस फूट लिहिलेले आढळेल, पण आपल्या दमट हवेत तो आकडा हिवाळ्यापुरताच वापरावा. पुढे हीच शेड बंद केली तर पाऊण चौरस फुटाच्या हिशेबाने तिच्यात ८,००० पक्षी बसतात आणि २०० फूट लांबीतली हवा २४ सेकंदांत बदलते. सांगाडा पुढच्या सोयीने बांधावा असे मी वर म्हटले ते यासाठीच. दोन्ही आखूड भिंतींत पंख्यांच्या आणि पॅडच्या जागा बीम टाकून मोकळ्या ठेवाव्यात आणि तूर्त तिथे साधे वीटकाम करावे. आज हे काम किरकोळ खर्चात होते, नंतर भिंत फोडून करायला गेले की महाग पडते.

पूर्व-पश्चिम दिशेत एक अडचण आहे, ती घाटावरचे मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्यामुळे दक्षिणेकडची लांब बाजू त्याच्या थेट माऱ्यात सापडते. त्या बाजूचे पत्रे जाळीच्या बाहेर निदान पाच फूट काढावेत, उत्तरेकडे साडेतीन-चार फूट चालतील. परंतु लांब वळचण वाऱ्याच्या हातात सापडली की तीच आधी उचलली जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतरच्या आठवड्यात मी श्रीवर्धन आणि म्हसळ्याकडच्या ज्या शेड पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचे पत्रे वळचणीपासून उलटत गेलेले होते. मुरबाडला तेवढा वारा येत नसला तरी वळवाच्या वादळात पत्रे उडतातच. म्हणून प्रत्येक खांबापासून वळचणीला तिरका टेकू द्यावा, कडेच्या दोन ओळींचे हुक दुप्पट करावेत आणि खांबांमध्ये तिरके ताण घालावेत. यावर होणारा खर्च एका बॅचच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

जोते जमिनीपासून निदान दोन फूट उंच हवे, आणि कोब्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायला हवा. भातखाचरात भराव घालून बांधलेल्या शेडमध्ये ऑगस्टमध्ये जमिनीतून ओल वर चढते आणि वरून एक थेंब न पडताही गादी भिजते. आपली जमीन खाचराची असेल तर भराव एक पावसाळा बसू द्यावा.

पडद्यांच्या बाबतीत एकच आग्रह धरतो. पडदा खालच्या भिंतीला पक्का बांधलेला असावा आणि तो वरून खाली उघडावा. आमच्याकडे सर्रास उलटे केले जाते, पडदा वर बांधतात आणि खालून गुंडाळतात; मग पहिल्या आठवड्यात गार झुळूक थेट पिल्लांच्या अंगावर जाते, पावसात तो पूर्ण बंद करावा लागतो आणि अमोनिया आत कोंडतो. वरून एक-दीड फूट फट उघडी राहिली तर पाऊस वळचणीने अडतो आणि दूषित हवा बाहेर जाते. जुलैत शेडवर गेलो की पुष्कळदा मला सगळे पडदे घट्ट बांधलेले दिसतात आणि मालक पक्ष्यांच्या खोकल्यासाठी औषध विचारतात. तिथे औषधाआधी पडद्याची दोरी सोडावी लागते.

गादीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण उघड्या शेडचे यश तिच्यावर अवलंबून आहे. विक्रीच्या वयाचे ५,००० पक्षी दिवसाला सुमारे दीड हजार लिटर पाणी पितात, उकाड्यात त्याहून अधिक, आणि त्यातले बहुतेक पाणी विष्ठेतून व श्वासातून शेडमध्येच उतरते. पावसाळ्यात बाहेरची हवा ते पाणी शोषून घेत नाही. गादीची ओल २० ते २५ टक्के असेल तोवर ती मोकळी राहते. ३५ टक्क्यांच्या पुढे तिचे ढेप बनते, विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया तयार करू लागतात, पायाला फोड येतात आणि कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाची रक्ती हगवण सुरू होते. हवेत अमोनिया दहा लाखांत २५ भागांच्या वर जाऊ देऊ नये. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचे नाक त्याला सरावते, म्हणून सकाळी बाहेरून आल्या आल्या पक्ष्यांच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर उशीर झालेला आहे. गादी मुठीत दाबून पाहण्याची जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती ओली, हलकेच भेगाळून सुटला तर योग्य, आणि धूळच उडाली तर जास्त कोरडी.

उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात. जमिनीवरच्या बेल ड्रिंकरऐवजी (घंटेच्या आकाराच्या पाण्याच्या भांड्याऐवजी) खाली कप असलेले निप्पल, म्हणजे चोचीने टोचल्यावर थेंब सोडणारी तोटी घ्यावी आणि पक्षी वाढेल तशी तिची उंची रोज वाढवावी. गादी भिजण्याचे निम्मे कारण तिथे संपते. पावसाळ्यात गादी दोनऐवजी तीन इंच घालावी आणि पहिल्या आठवड्यानंतर दिवसाआड खालीवर करावी. चुना टाकताना जपावे: तो ओल शोषतो, परंतु गादीचा सामू (पीएच) वाढवून साचलेला अमोनिया एकदम मोकळा करतो, म्हणून बंद पडद्यांत पक्ष्यांवर चुना कधीही टाकू नये. आपल्याकडची जमेची बाजू अशी की तूस जवळच मिळते. भातकापणीनंतर वाडा, मुरबाड आणि कर्जतच्या भातगिरण्यांत ते मुबलक असते. नोव्हेंबर ते जानेवारीत घेऊन पूर्ण वर्षाचा साठा उंच, कोरड्या गोदामात ठेवावा. जुलैत ऐनवेळी आणलेले तूस ओले असते, त्यावर बुरशी धरते आणि पहिल्याच आठवड्यात पिल्लांना फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो. गोदामाची जागा शेडच्या नकाशातच धरावी. बहुतेक जण ती विसरतात.

उन्हाळ्यासाठी उघड्या शेडमध्ये दर ४० फुटांवर एक याप्रमाणे ३६ इंची पंखे टांगावेत आणि पत्र्याला बाहेरून पांढरा लेप द्यावा. फॉगर (पाण्याचे बारीक धुके सोडणारे फवारे) लावायला हरकत नाही, पण शेडमध्ये आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र टांगावे आणि काटा ७० टक्क्यांच्या वर असताना फॉगर बंद ठेवावा. त्या वेळी सोडलेले धुके पक्ष्याला गार करत नाही, फक्त गादी भिजवते.

अंड्यांच्या पिंजऱ्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे आणि त्याचे मुख्य कारण बाजार आहे. मुंबईत खपणाऱ्या अंड्यांचा मोठा भाग तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातून येतो. तिथे मका जवळ आहे, फार्म लाखांच्या संख्येने पक्षी ठेवतात आणि १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जो भाव सुचवते त्यात त्यांचे भागते. पिंजऱ्यातली कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, आणि ते खाद्य घाट उतरून आणणाऱ्या पाच-दहा हजार पक्ष्यांच्या मालकाला त्याच भावात उभे राहणे कठीण जाते. दुसरे कारण माश्यांचे. पिंजऱ्याखाली साचणारी विष्ठा आपल्या पावसाळ्यात कधी सुकत नाही, माश्या अर्ध्या गावात पसरतात आणि ग्रामपंचायतीत तक्रार जाते. असे वाद विकोपाला गेलेले मी पाहिले आहेत. तिसरे म्हणजे या पिंजऱ्यांविषयीचे धोरण बदलत चालले आहे. युरोपीय संघात साधे पिंजरे २०१२ पासून बंद झाले, आणि आपल्या विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९व्या अहवालात हाच प्रश्न हाताळला. वीस वर्षे टिकावी अशी गुंतवणूक करताना हे लक्षात ठेवलेले बरे. मलाही व्यक्तिशः पंख पसरता येतील एवढी जागा पक्ष्याला असावी असे वाटते, आणि ते मी इथे मोकळेपणाने सांगतो. ब्रॉयलरसाठी पिंजरे तर घेऊच नयेत. जड पक्ष्याच्या छातीला आणि पायांना तारेमुळे इजा होते.

मुंबईतल्या सोसायट्यांना थेट गावठी अंडी पुरवण्याची आपली तयारी असेल, तर मुख्य शेडपासून दूर, वेगळ्या माणसाच्या हाताखाली शे-दोनशे गावरान कोंबड्या ठेवता येतील. त्यांना रात्रीसाठी जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच माचीचे, फटींच्या तळाचे खुराडे, पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याचा एक खोका आणि मुंगूस व साप यांना अडवणारी बारीक जाळी पुरते. परंतु ब्रॉयलरच्या शेडलगत मोकळ्या कोंबड्या फिरू देणे मी कधीच मान्य करणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात बर्ड फ्लू आढळला तेव्हा परिसरातले हजारो पक्षी नष्ट करावे लागले होते, आणि ते ठिकाण आपल्यापासून लांब नाही. उघड्या शेडला चिमणीसुद्धा शिरणार नाही अशी जाळी लावावी, दाराशी जंतुनाशकाचे पाय-पात्र आणि शेडपुरती वेगळी पादत्राणे ठेवावीत, आणि सगळे पक्षी एकदम आत व एकदम बाहेर हा नियम मोडू नये.

बांधकामाआधी वस्तीपासूनचे आणि पाण्याच्या स्रोतापासूनचे अंतर, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि ५,००० च्या पुढे जाणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, हे सर्व कागदावर पाहून घ्यावे. तसेच रस्ता पाहावा. ५,००० पक्ष्यांच्या एका बॅचला १६ टनांच्या आसपास खाद्य येते आणि १० टन पक्षी रात्रीच्या टेम्पोने मुंबईला जातात. जुलैत चिखलात अडकलेल्या टेम्पोतले पक्षी पहाटेच्या बाजाराला पोहोचत नाहीत आणि वजनही घटते.

शेवटी बॅचच्या वेळापत्रकाविषयी. कंपनीशी करार केला तर पिल्ले कधी टाकायची ते कंपनी ठरवते, आणि पहिल्या वर्षी करारानेच सुरुवात करावी असे मी सुचवेन, कारण पिल्ले, खाद्य आणि विक्री यांची जोखीम आपल्यावर राहत नाही. स्वतःच्या हिशेबाने पाळाल तेव्हा आषाढ अमावस्येआधीचा आठवडा हा मुंबईत मोठ्या मागणीचा असतो आणि पाठोपाठ श्रावणात मागणी एकदम खाली येते. पक्षी त्या आठवड्यात तयार हवे असतील तर पिल्ले सुमारे ४० दिवस आधी टाकावी लागतात. ती बॅच उचलल्यानंतर श्रावणात शेड तीन-चार आठवडे रिकामी ठेवावी. गादी काढून कोबा धुवावा, वाळू द्यावा, चुन्याचा हात द्यावा, पडदे शिवून घ्यावेत. कठीण महिन्यात बाजारही मंद असल्याने या विश्रांतीचा तोटा जाणवत नाही, आणि भाद्रपदात टाकलेली पिल्ले कोरड्या गादीवर वाढू लागतात.

गोरेगावला आरे वसाहतीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेची पश्चिम विभागाची संस्था आहे, मुलुंडहून ती जवळ पडते. आपण आणि आपले बंधू दोघांनी तिथे प्रशिक्षणासाठी चौकशी करावी. फॅब्रिकेटरला होकार देण्यापूर्वी येत्या जुलैत, सलग चार दिवस पाऊस झालेला असताना, मुरबाड-शहापूर भागातली एखादी उघडी आणि एखादी बंद शेड मालकाच्या परवानगीने, त्या दिवशी दुसऱ्या कोणत्याही शेडवर न जाता आणि तिथलीच पादत्राणे घालून पाहावी. गादी मुठीत घेऊन दाबावी, पंखे मोजावेत आणि जनरेटर आपल्यासमोर सुरू करायला सांगावा.